तुम्ही विचारलंत म्हणून : लोभाची गोष्ट

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुलांना महाभारत सांगतो. दरवर्षी कुणाची तरी आई विचारते, “काका, लोभ करू नये हे मुलांना पटेल अशी एखादी गोष्ट सांगा ना.” त्यांच्या मनात सोन्याचं अंडं देणारी कोंबडी असते, नाहीतर हात लावील त्याचं सोनं करणारा मिडास. मी सभापर्वातल्या पक्ष्यांची गोष्ट सांगतो.

एका राजाच्या घरी रानातले काही पक्षी राहायला आले होते. ते सोनं ओकायचे. राजाला तेवढ्यानं भागेना. त्यानं पक्षीच मारून टाकले. आजचं सोनं गेलं आणि उद्याचंही. संपली गोष्ट. पण ती कुणी, कुणाला, केव्हा सांगितली ते बघा. द्यूत चाललंय. युधिष्ठिर रत्नं, रथ, हत्ती हरलाय, पण भाऊ अजून पणाला लागलेले नाहीत. खेळ अजून थांबवता येतो. अशा वेळी विदुर धृतराष्ट्राला हे पक्षी सांगतो, आणि त्या राजाला म्हणतो ‘लोभान्ध’. जन्मापासून आंधळ्या भावासमोर हा शब्द तोंडातून काढताना त्याच्या जिवाचं काय झालं असेल! वर विनवतो, माळ्यासारखा वाग, झाडांना जीव लावून फुलं घेत राहा. कोळसे पाडणाऱ्यासारखी झाडं मुळासकट जाळू नकोस.

धृतराष्ट्र खेळ थांबवत नाही. दुर्योधन मात्र विदुराला नाही नाही ते बोलतो.

मग एकेक भाऊ जातो, युधिष्ठिर स्वतःला हरतो, द्रौपदी पणाला लागते. भीष्म-द्रोणांना घाम फुटलाय, विदुर डोकं धरून बसलाय. धृतराष्ट्राला आनंद लपवता येत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारतो, “जिंकलं का? जिंकलं का?”

फाशांना शिवलासुद्धा नाही तो. तरी त्या सभेतला सगळ्यात मोठा लोभ मला त्याच्या या प्रश्नात दिसतो, आणि त्याचं कारण घरचं आहे.

वडील गेल्यावर आम्ही बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. बोलणी सगळी धाकट्या भावानं केली. मी थोरला, मी एका शब्दानं मध्ये पडलो नाही. नोंदणीच्या दिवशी ओसरीवर पेपर उघडून बसलो होतो, एक ओळ वाचली नव्हती. फाटकाशी रिक्षा थांबली, भाऊ उतरला, आणि तो पायरीवर पोचायच्या आत मी विचारलं, “झाली सही?”

बहीण त्याच्या मागेच होती. अंगठ्याची शाई रुमालाला पुसत होती. माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन आईला म्हणाली, “भात टाकू का?”

पुढे काही वर्षांनी सभापर्व नीट वाचायला घेतलं आणि त्या ओळीशी आल्यावर पुस्तक मिटलं. दोन दिवस उघडवलं नाही. विदुराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. धृतराष्ट्रानंही ऐकलीच होती की.

म्हणून मुलांना पक्षी सांगून झाले की मी पुढे सभेपर्यंत नेतो, आणि आयांनाही त्या दिवशी थांबायला सांगतो.

माझ्या वाट्यातला तिचा हिस्सा तिच्या नावे करायला वकिलांकडे बक्षीसपत्र लिहायला दिलंय. भाऊबीजेला ती येईल. तिला अजून काही बोललेलो नाही.