गोटी सोडा ते पेल एल: आमची वाटचाल

भुसावळ स्टेशनाजवळ बाबांचा गोटी सोड्याचा कारखाना होता. पाणी, सिलिंडर, गोट्या, एवढाच पसारा. पुढे मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या आल्या नि सोडा बसला. १२ वर्षांपूर्वी त्याच जागेत मी बिअर शॉपी काढली. इथे खपते ती स्ट्रॉंग, दात शिवशिवतील इतकी गार.

एकदा पुरवठादाराने पेल एल नावाच्या आयात बिअरची पेटी गळ्यात मारली. दुसऱ्याच दिवशी रेल्वेतला एक गिऱ्हाईक बाटली घेऊन परत. “भो, खाले काय बसेल शे हाई?” तळाशी गाळ! माल खराब म्हणून मी पैसे परत केले.

नंतर कळलं, तो गाळ यीस्टचा. भरताना लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर घालतात, यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीतच गॅस धरतो. बाबा म्हणाले, “म्हणजे सिलिंडरचा खर्चच नाही!”

मग घरी चाखणं सुरू झालं (दुकानात पिणं नियमात बसत नाही). बाटली दिवसभर उभी ठेवायची, एका धारेत ओतायची, शेवटचं बोटभर सोडायचं. फार गारही नको, १०-१२ अंश बरे. बर्फासारखी केली की वास मुका होतो. बीजेसीपी ही बिअरचे परीक्षक घडवणारी अमेरिकन संस्था. तिच्या गुणपत्रिकेत ५० पैकी २० गुण चवीला, १२ वासाला, दिसण्याला फक्त ३. आमचा गिऱ्हाईक नेमका त्या तिनांवर अडला होता.

मे महिन्यात एक बाटली फ्रिजमध्ये ठेवली, एक माळ्यावर. महिन्याने दोन्ही सारख्या गार करून उघडल्या. फ्रिजमधलीला संत्र्याच्या सालीचा वास, भाजलेल्या पावाची चव, मागे रेंगाळणारा कडवटपणा. माळ्यावरची म्हणजे ओला पुठ्ठा.

दुसऱ्या एका खेपेत मला काहीतरी खटकत होतं, नाव सापडेना. बायको सावद्याची, म्हणजे केळीच्या मुलखातली. ती पीत नाही, नुसता वास घेऊन म्हणाली, “ही तर केळीची वखार!” बरोबर होतं. आंबवण गरम झालं की यीस्ट तो वास सोडतं. गव्हाच्या जर्मन बिअरला तो शोभतो, पेल एलमध्ये गुण कापायचे.

आता पेल एल दिवाळी ते होळी एवढीच ठेवतो. भाडं अजून स्ट्रॉंगवरच निघतं. रेल्वेवाला मात्र दर पगाराला दोन बाटल्या नेतो. शेवटचं बोटभर सोडा म्हटलं तर ऐकत नाही. हलवून, गाळासकट पितो. पैसे पूर्ण बाटलीचे दिलेत म्हणतो.