श्रावणातली धाव आणि ईएएचा डबा

मंडळी, पावसाळी सरावाची नोंद. रूट तोच: रत्नागिरीचा भाट्ये पूल ओलांडून पावसच्या रस्त्याने, आणि ओहोटी असली की परतताना सुरूच्या बनाच्या बाजूने घट्ट वाळूवरून. वेग मुद्दाम संथ, हार्ट रेट १४० च्या आत. जूनच्या सुरुवातीला या ठोक्यांवर किलोमीटरला ७ मिनिटं २० सेकंद लागत होते, आता ६:५० च्या आसपास आलोय. यातला थोडा वाटा गार हवेचा आहे, मे महिन्याच्या काहिलीत ठोके उगाच चढतात. सगळंच श्रेय पायांना देऊ नये.

मी सध्या घेतोय त्या ईएएच्या पावडरलाही देऊ नये. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक, आणि ईएए म्हणजे त्यातली शरीराला स्वतः बनवता न येणारी नऊ. त्यातली ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन म्हणजे बीसीएए. आपल्या ग्रुपात अजून बीसीएएचाच बोलबाला आहे. ही तिन्ही यकृतापेक्षा स्नायूतच जास्त मोडली जातात, म्हणून धावणाऱ्यांना ती आपलीशी वाटतात. पण पोटात पुरेसा भात असेल तर संथ धावेतल्या एकूण ऊर्जेत अमिनो आम्लांचा वाटा जेमतेम ३ ते ६ टक्के. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला पिठूळ साखरेचा साठा, आटलं की तो वाढतो. तेव्हा पहाटे उपाशीपोटी लांब पळून वर पावडर पिण्यापेक्षा निघण्याआधी वाटीभर पेज पिणं मला जास्त पटतं.

ल्युसिन स्नायूतला एमटॉर नावाचा प्रथिन-स्विच जागा करतं, म्हणजे नवीन प्रथिनं बांधायला घ्या असा निरोप देतं. पण मुकादमाने कितीही हाका मारल्या तरी चिऱ्यांचा ट्रकच आला नाही तर गडगा उठत नाही. बाकीची सहा अमिनो आम्लं जेवणातून आली नाहीत तर शरीर ती स्वतःच्याच स्नायूतून काढतं. नुसत्या बीसीएएने स्नायू वाढतात या दाव्यावर २०१७ मध्ये संशोधक रॉबर्ट वुल्फ यांनी हाच आक्षेप घेतला होता. शिवाय धावण्याने जे मुख्यतः वाढतं ते मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं. संशोधक जॉन होलोझी यांनी १९६७ मध्येच उंदरांना पळवून ते दाखवलं, पावडरीविना.

मग डबा आणला कशाला? जून-जुलैत मासेमारी बंदी, आणि ती उठते न उठते तोच श्रावण. माझं वजन ६४ किलो. लांब पल्ल्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, मी १.४ धरतो, म्हणजे दिवसाला साधारण ९० ग्रॅम. एरवी हे जड जात नाही: १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रथिनं, त्यात दीड ग्रॅमच्या वर ल्युसिन. बंदीत सुकट, जवळा आणि अंड्यांवर भागलं. श्रावणात मात्र गाडी ६० ग्रॅमवर अडकली.

आई म्हणाली, "कुळथाची पिठी जेव, मग काय ती पावडर घे." तिचं बरोबर आहे. त्या नऊपैकी लायसिन तांदळात कमी, कुळथात भरपूर. मेथिओनिन हे दुसरं कुळथात कमी, ते भात भरून काढतो. अडचण फक्त मापाची. वाडगाभर पिठीत पीठ पडतं ३० ग्रॅम, बाकी पाणी, लसूण, मिरची नि सोलं. त्यातून मिळतात ६-७ ग्रॅम प्रथिनं. म्हणून आता पिठी घट्ट, सकाळी मुगाची उसळ, रात्री दही. आकडा ७५ च्या पुढे सरकलाय.

उरलेल्या फटीत लाँग रननंतर एक स्कूप. चव म्हणाल तर कडू. ल्युसिन पाण्यात नीट विरघळत नाही, कितीही हलवा, वर पांढरा थर तरंगतोच. आणि आपल्या या दमट हवेत डबा दोनदा उघडा राहिला की आत गड्डा, सुरीने खरवडून काढावा लागतो. पाय दुखणं कमी झालं का? मला तरी फरक जाणवला नाही. झोप चांगली झालेल्या दिवशी मात्र जाणवतो.

हा डबा संपला की दुसरा नाही. नारळी पौर्णिमेनंतर मिरकरवाड्याच्या बंदरात बांगडा येईलच, पण घरात श्रावण संपेपर्यंत तो शिजायचा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात याच रूटवर, याच १४० ठोक्यांना पुन्हा वेळ घेणार आहे. तेव्हा ६:५० टिकलं तर ते खरं.