तुम्ही विचारलंत म्हणून: संचालकाने पगार घ्यावा की लाभांश?

स्वतःच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे संचालक असलेले आणि जवळजवळ सगळे शेअर स्वतःच्या व घरच्यांच्या नावावर असलेले लोक हिशेब घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: कंपनीतून पैसे काढायचे तर पगार म्हणून काढावेत की लाभांश म्हणून, आणि कर कशात कमी बसेल? विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेले असते. ब्रिटनमध्ये कंत्राटी काम करणाऱ्या एखाद्या भावाने किंवा मित्राने त्यांना सांगितलेले असते की पगार नाममात्र ठेवावा आणि उरलेले सगळे लाभांशाच्या रूपाने घ्यावे. ब्रिटनपुरता तो सल्ला निराधार नाही. तेथे पगारावर प्राप्तिकराखेरीज नॅशनल इन्शुरन्सची (सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेची) वर्गणी कर्मचारी आणि कंपनी अशा दोघांनाही भरावी लागते, लाभांशावर ती लागत नाही, आणि लाभांशावरील कराचे दरही पगारावरील दरांपेक्षा कमी आहेत. भारतात लाभांशाला असा वेगळा सवलतीचा दर नाही, त्यामुळे तोच सल्ला येथे आणला की उत्तर नेमके उलटे होते: काम करणाऱ्या संचालकाने आधी पगार घ्यावा, आणि लाभांशाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

‘लाभांश करमुक्त असतो’ या समजुतीला एक इतिहास आहे. १९९७ पासून लाभांश वितरण कर कंपनीकडून घेतला जाऊ लागला, आणि त्यानंतरचा बहुतेक काळ भागधारकाच्या हाती येणारी रक्कम करमुक्त असे. ३१ मार्च २०२० नंतर ही पद्धत संपली आणि लाभांश भागधारकाच्या इतर उत्पन्नात मिळवून त्याच्या उत्पन्नाच्या कर-टप्प्याप्रमाणे करपात्र झाला. खरे म्हणजे जुन्या काळातही सौदा स्वस्त नव्हता, कारण कंपनी आधी नफ्यावर कर भरत असे आणि मग वाटलेल्या लाभांशावर, शेवटच्या वर्षांत प्रभावी दराने सुमारे २०.५६ टक्के, पुन्हा कर भरत असे. फक्त तो कर संचालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात दिसत नसे, म्हणून तो नाहीच असे वाटे.

आता आकडे पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ धरू, संचालक नव्या करप्रणालीत आहे असे मानू, त्याला दुसरे उत्पन्न नाही, आणि कंपनीने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११५बीएए खालील कंपन्यांसाठीचा २२ टक्क्यांचा दर स्वीकारला आहे, जो १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर मिळवून २५.१६८ टक्के होतो. संचालकाला काही देण्यापूर्वी कंपनीचा नफा ३० लाख रुपये आहे. हे ३० लाख पगार म्हणून दिले तर कंपनीचा करपात्र नफा शून्य होतो. संचालकाला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, उरलेल्या २९ लाख २५ हजारांवर उपकरासह ४,७५,८०० रुपये कर बसतो, आणि हातात २५,२४,२०० रुपये येतात. हीच रक्कम लाभांश म्हणून द्यायची तर कंपनी आधी ७,५५,०४० रुपये कर भरते, उरलेले २२,४४,९६० रुपये वाटते, त्यावर संचालकाला सुमारे २,७१,६९० रुपये कर पडतो, कारण प्रमाणित वजावट लाभांशाला मिळत नाही, आणि हातात १९,७३,२७० रुपये राहतात. फरक साडेपाच लाखांचा आहे.

कारण साधे आहे. पगार हा कंपनीचा खर्च आहे, तो नफा काढण्यापूर्वी वजा होतो आणि त्या रुपयावर एकदाच, संचालकाच्या हातात, कर बसतो. लाभांश हा नफ्याचा वाटा आहे, म्हणून तो कर भरून उरलेल्या रकमेतूनच देता येतो, आणि त्यावर पुन्हा कर बसतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील संचालकाच्या दृष्टीने पगाराच्या वरच्या रुपयावर ३१.२ टक्के कर आहे, तर लाभांशासाठी ठेवलेल्या नफ्याच्या रुपयावर दोन्ही कर मिळून साधारण ४८.५ टक्के. हा फरक कोणत्याही टप्प्यावर लाभांशाच्या बाजूने झुकत नाही.

मग सगळा नफा पगार म्हणून काढून घ्यावा का? येथे मी हात आखडता घेतो. कंपनीचा दर २५.१६८ टक्के आहे, तर व्यक्तीच्या बाबतीत २० लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कमाल दर उपकरासह २०.८ टक्के, त्यापुढे २४ लाखांपर्यंत २६ आणि त्याहून वर ३१.२ टक्के आहे. म्हणजे साधारण पावणेएकवीस लाखांपर्यंतचा पगार कंपनीत नफा ठेवण्यापेक्षा निर्विवाद स्वस्त पडतो, आणि त्यापुढचा रुपया तुम्हाला घरखर्चासाठी लागत नसेल तर तो कंपनीत राहू देणे शहाणपणाचे आहे, विशेषतः यंत्र घ्यायचे असेल, कर्ज फेडायचे असेल किंवा खेळते भांडवल कमी पडत असेल तर. मात्र कंपनीत ठेवलेला रुपया कायमचा २५ टक्क्यांत सुटला असे नव्हे. तो पुढे लाभांशाने काढला तर दुसरा कर बसेलच. कंपनी गुंडाळून वाटून घेतला तरी साठलेल्या नफ्याइतकी रक्कम कायदा लाभांशच मानतो. पुढे कधी कंपनीचे शेअर दुसऱ्याला विकलेत, तर चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या बिगरसूचीबद्ध (शेअर बाजारात न नोंदलेल्या) शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याला १२.५ टक्क्यांचा दर आहे, आणि साठवलेला नफा भावात मिळाला तर एकूण बोजा पस्तीस टक्क्यांच्या आसपास येतो. पण खरेदीदार मिळेल हे गृहीत धरून कोणी आजचा पगार ठरवू नये.

पगाराचा मार्ग स्वस्त आहे म्हणूनच प्राप्तिकर खाते त्याकडे बारकाईने पाहते, आणि माझा बहुतेक वेळ कराचे दर सांगण्यात जात नाही, तो पगार खरा आहे हे कागदावर आणण्यात जातो. खासगी कंपनीला कंपनी कायद्यातील संचालक-मोबदल्याची नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा लागू नाही, ती सार्वजनिक कंपन्यांसाठी आहे. पण प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४०ए खाली संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला दिलेली रक्कम कामाच्या बाजारभावाच्या मानाने अवाजवी वाटली, तर अधिकारी जास्तीचा भाग खर्च म्हणून नाकारू शकतो. तसे झाले की संचालकाने त्या रकमेवर कर भरलेला असतो आणि कंपनीलाही भरावा लागतो, म्हणजे लाभांशाची सगळी महागाई पदरी पडते. म्हणून मी विचारतो: हेच काम करायला बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला किती दिले असते? त्या उत्तराच्या जवळपासचा आकडा संचालक मंडळाच्या ठरावात असावा, नेमणुकीचा करार असावा, दरमहा रक्कम खात्यात जावी आणि त्यावर उद्गम करकपात (टीडीएस) व्हावी. संचालक हा कंपनीचा नोकर आहे की नाही हे त्याच्या पदनामावरून न ठरता नेमणुकीच्या अटींवरून ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये राम प्रसाद यांच्या प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा अटी लिहिलेल्याच नसतील तर वाद घालायला हाताशी काही उरत नाही.

वर्षाच्या शेवटी नफा पाहून कमिशन किंवा बोनस देण्याचा मोह मोठा असतो, आणि नेमकी तीच जागा निसरडी आहे. जी रक्कम एरवी नफा किंवा लाभांश म्हणून द्यावी लागली असती ती कमिशन म्हणून दिली तर वजावट नाही, अशी तरतूद कलम ३६ मध्ये आहे. दलाल ब्रोचा स्टॉक ब्रोकिंग या कंपनीने आपल्या तीन संचालक-भागधारकांना मिळून १ कोटी २० लाख रुपये कमिशन दिले होते. मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २०११ मध्ये ते लाभांशाऐवजी दिले गेले असे ठरवून वजावट नाकारली. उलट एएमडी मेटप्लास्ट प्रकरणात, कमिशन हा नेमणुकीच्या अटींचा भाग होता म्हणून, दिल्ली उच्च न्यायालयाने वजावट मान्य केली. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचले की माझा आग्रह समजेल: मोबदल्याचे सूत्र एप्रिलमध्ये लिहा, ३१ मार्चला नव्हे.

लगेच पुढचा प्रश्न येतो तो पत्नीच्या किंवा पतीच्या नावाने पगार दाखवण्याचा. ज्या कंपनीत तुमचे, एकट्याचे किंवा नातेवाइकांसह, २० टक्के किंवा अधिक मताधिकार आहेत, तेथून जोडीदाराला मिळणारा पगार कलम ६४ नुसार तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. जोडीदाराकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि ते उत्पन्न केवळ त्या ज्ञानाच्या व अनुभवाच्या वापरातून आलेले असेल तरच सुटका आहे. जोडीदाराला शेअर बक्षीस देऊन त्यावरचा लाभांश त्याच्या नावाने घ्यायचा, तर तोही तुमच्याच उत्पन्नात येतो.

सर्वांत महागडी सवय मात्र पगारही नाही आणि लाभांशही नाही. ‘सध्या कंपनीतून उचलतो, मग बघू’ म्हणून संचालकाच्या नावे खातेवहीत उचल वाढत जाते. दहा टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला अशा कंपनीने कर्ज किंवा आगाऊ रक्कम दिली, तर कलम २(२२)(ई) नुसार साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ती लाभांशच मानली जाते. वर्ष संपण्यापूर्वी ती फेडली तरी फरक पडत नाही. रक्कम दिली त्या क्षणी लाभांश झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. शिवाय खराखुरा लाभांश तुमच्याजवळ राहतो, हा मानलेला लाभांश कर भरूनही कंपनीला परत करावाच लागतो. त्यापेक्षा तोच पैसा पगार म्हणून घेतलेला केव्हाही स्वस्त.

पगाराच्या वाटेवर काही कायदेशीर सवलतीही आहेत, आणि त्या बहुधा वापरल्या जात नाहीत. कंपनीने तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या करप्रणालीतही वजा होते. भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा १२ टक्क्यांपर्यंतचा वाटा पगारात धरला जात नाही, फक्त या दोहोंची व सुपरअॅन्युएशनची (कंपनीच्या निवृत्तिवेतन निधीची) मिळून वर्षाची मर्यादा ७.५ लाख आहे. कंपनी तुमच्या मालकीच्या जागेत चालत असेल तर बाजारभावाने भाडे घ्या. त्या भाड्यातून, नगरपालिकेचा कर वजा जाता, ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि कंपनीला ते पूर्ण खर्च म्हणून धरता येते. पगारावर जीएसटी नाही, पण पगाराव्यतिरिक्त दिलेल्या बैठक शुल्कावर कंपनीला रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच कर भरण्याच्या पद्धतीने, तो भरावा लागतो, हे जून २०२० च्या परिपत्रकाने ठरले आहे.

लाभांश कोणासाठी, हा प्रश्न यानंतरच उरतो. जो भागधारक कंपनीत काम करत नाही, त्याला पगार देण्याचे काही कारणच नसते: वारसाहक्काने शेअर मिळालेली बहीण, निवृत्त झालेले वडील, भांडवल घालून बाजूला राहिलेला भागीदार. त्यांचा वाटा लाभांशानेच द्यावा लागतो, आणि एकाच वर्गाच्या शेअरवर तो सर्वांना सारख्याच दराने मिळतो, म्हणून काम करणाऱ्या संचालकालाही त्याच्या वाट्याचा घ्यावा लागतो. ज्या भागधारकाचे एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत आहे, त्याला नव्या करप्रणालीतील सवलतीमुळे लाभांशावर वैयक्तिक कर येत नाही, पण कंपनीने भरलेले २५ टक्के परत मिळत नाहीत. लाभांश जाहीर केल्यापासून पाच दिवसांत रक्कम वेगळ्या बँक खात्यात जमा करावी लागते, तीस दिवसांत द्यावी लागते, आणि वर्षाला १०,००० रुपयांहून अधिक लाभांश असेल तर १० टक्के करकपात करावी लागते. येथे दिलेले प्राप्तिकराचे कलम-क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि क्रमांक बदलतात. त्या तारखेनंतरच्या ठरावात आणि करारात नवे क्रमांक लिहा.