गटारातली नळजोडणी बदलताना

आमच्या तालुक्याच्या गावी नळाला एक दिवसाआड, पहाटे पाऊण तास पाणी येते. गेल्या पावसाळ्यात सुरुवातीच्या पाण्याला कुबट वास येऊ लागला, म्हणून नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात तक्रार केली. कर्मचारी क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातले क्लोरीन तपासण्याचे साधन, घेऊन आले. क्लोरीन असले की पाणी पिवळे करणाऱ्या ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाकताच शेजाऱ्यांच्या नळाचे पाणी पिवळे झाले, आमच्या पाण्याला मात्र रंगच चढला नाही. मुख्य वाहिनी एकच असल्यामुळे दोष आमच्या जोडणीत होता, हे तेथेच उमगले.

खोदून पाहिले तेव्हा फेरुलपासून (मुख्य वाहिनीवरील जोडणीच्या तोटीपासून) घरापर्यंत आलेली अर्ध्या इंचाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) नळी पाच-सहा फूट उघड्या गटारातून गेलेली आणि तेथेच गंजून चाळण झालेली आढळली. पाणी चालू असते तोवर आतला दाब जास्त असल्याने अशा नळीतून नुसती गळती होते. पुरवठा बंद झाला की नळी रिकामी होताना आत ओढ निर्माण होते, भोकांतून गटाराचे पाणी शिरते आणि पुढच्या पाळीला तेच आधी घागरीत पडते. नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. (आमच्या गल्लीतील अशा मोटारींपैकी एक आमचीच होती, हे कबूल केले पाहिजे.)

फेरुलपुढची नळी ग्राहकाची, म्हणून खर्च आमच्याकडे आला, त्याबद्दल तक्रार नाही. अडले ते नावावर. घराची नोंद आईच्या नावे झाली होती. पाणीपट्टीच्या नोंदवहीत मात्र अजून आजोबाच ग्राहक होते, आणि मृत व्यक्तीच्या जोडणीत बदल करण्याचा अर्ज स्वीकारता येत नाही, असे सांगण्यात आले. मृत्यूचा दाखला, वारसांचे संमतिपत्र, कर आकारणीचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला एवढे जमवून मी तीन हेलपाटे घातले; प्रत्येक वेळी कागद पाहून परत दिले गेले, पोच कोणी दिली नाही.

अखेर आपले सरकार पोर्टलवर नाव बदलण्याचा अर्ज केला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत असते, मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित (त्या सेवेसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मला अपिलापर्यंत जावे लागले नाही. अर्ज क्रमांक हाती असला की खिडकीपलीकडच्या बोलण्याचा सूर बदलतो, एवढे मात्र अनुभवले.

पुढचे काम तुलनेने सरळ झाले. रस्ता फोडण्याचे शुल्क आगाऊ भरले, परवानाधारक प्लंबरने गटाराच्या वरून लोखंडी आवरणातून नवी एमडीपीई (प्लास्टिकची) नळी टाकली आणि जुन्या फेरुलचे तोंड बंद केले. दोन पाळ्यांनंतर केलेल्या चाचणीत पाणी पिवळे झाले. मोटार मी काढून टाकली. आता नळ जमिनीलगतच्या टाकीत सोडतो आणि तेथून पाणी वर चढवतो.

खोदकामात त्याच गटारात आणखी दोन घरांच्या नळ्या दिसल्या. त्यांपैकी एका घराची जोडणी अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे. त्या काकूंचा ऑनलाइन अर्ज मी परवा भरून दिला.