बुलडॉगचे पिल्लू: शांत आहे की दमलेले आहे?

बुलडॉग घ्यायचे ठरले की घरात आधी रंगावर चर्चा होते, मग किमतीवर. स्वभावाचा विषय निघालाच तर "बुलडॉग सगळे शांतच असतात" एवढ्यावर तो मिटतो. हे अर्धेच खरे आहे. बैलांवर कुत्री सोडण्याच्या ज्या खेळासाठी ही जात इंग्लंडमध्ये वापरली जात असे, त्याच्यावर तिथल्या संसदेने १८३५ मध्ये बंदी घातली आणि पुढच्या पिढ्यांत मुद्दाम सौम्य कुत्री निवडली गेली. म्हणून आजचा इंग्लिश बुलडॉग बहुधा माणसांत रमणारा, लोळत पडणारा असतो. हट्ट मात्र त्याच्यात शाबूत आहे, आणि एकाच वेतातल्या पिल्लांतही कुणी धीट, कुणी बुजरे, कुणी दांडगे निघते.

गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या घरच्यांबरोबर मी पिल्लू पाहायला गेलो होतो. तिचे घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आहे. घरात दोन मुलगे आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. दार दिवसभर उघडे, माणसांची ये-जा चालू, आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठेत जल्लोष आणि फटाके. अशा घराला शूर कुत्रे नको असते, दचकले तरी लवकर सावरणारे हवे असते.

पिल्ले समोर सोडताच एक धावत येऊन धाकट्या भाच्याच्या बुटाची नाडी ओढू लागले. "मामा, हाच आपल्याकडं पळत आला, हाच घेऊया की!" बहुतेक घरांत निवड इथेच संपते. परंतु सर्वांत आधी धावणारे पिल्लू पुष्कळदा त्या वेतातले सर्वांत दांडगे असते, आणि पूर्ण वाढ झालेला बुलडॉग पंचवीस किलोंच्या आसपास भरतो. तो नाडीऐवजी आजोबांचे धोतर ओढू लागला तर काय होईल, याचा विचार पिल्लू मुठीएवढे असतानाच करायला हवा.

मी किल्ल्यांचा जुडगा थोड्या अंतरावर फरशीवर टाकला. नाडीवाल्याने ढुंकूनही पाहिले नाही. एक पिल्लू पाण्याच्या भांड्यामागे जे दडले ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाही. तिसरे दचकले, मागे सरले, मान तिरकी करून पाहत राहिले आणि मग पोट घासत पुढे येऊन किल्ल्या हुंगू लागले. त्याला उचलून हातांवर उताणे धरले तेव्हा त्याने पाय झाडले, पण थोड्याच वेळात अंग सैल सोडले. कोल्हापुरातल्या गजबजलेल्या पेठेत राहणाऱ्याने अशाच पिल्लाकडे लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. ताराबाई पार्कातल्या एखाद्या बंगल्यात दोघेच निवांत राहत असतील, तर थोडे बुजरे पिल्लूही तिथे सुखाने नांदेल.

चौथे कोपऱ्यात पसरले होते. बहिणीला तेच आवडले, कारण ते "किती गुणी" दिसत होते. जवळ जाऊन पाहिले तर नाकपुड्या चिरेएवढ्या अरुंद, नुसते पडल्यापडल्याही श्वासाला घरघर, आणि चार पावले चालवल्यावर पोट भात्यासारखे हलू लागले. बुलडॉगच्या बाबतीत खरी मेख हीच आहे. चपट्या तोंडामुळे या जातीत श्वासाचा त्रास सर्रास आढळतो, आणि ज्याला श्वास पुरत नाही ते पिल्लू खेळत नाही. आपण त्यालाच शांत म्हणतो. म्हणून स्वभाव पाहण्यापूर्वी पिल्लाला थोडे खेळवावे आणि धाप किती वेळात बसते ते पाहावे. कुत्रे अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढते, त्यामुळे अरुंद नाकपुड्यांच्या कुत्र्याला आपला वैशाख जिवावर बेततो. पावसाळ्याचा त्रास वेगळा: तोंडावरच्या वळ्या ओल्या राहिल्या की चिघळतात, त्या रोज पुसाव्या लागतात, आणि तोंडाला हात लावू न देणारे पिल्लू त्या कामात घरच्यांना जेरीस आणते.

पिल्लाइतकीच त्याची आई पाहावी. अनोळखी माणूस आल्यावर ती गुरगुरते, दडते की शेपटीचा बुंधा हलवत येते, यावरून बरेच कळते. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण किती जोराने चावले की समोरचा कळवळतो हे पिल्लू भावंडांशी झोंबताना शिकते. अर्थात तासाभराच्या पाहणीत सगळा स्वभाव कळत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे आवाज आणि जी माणसे पिल्लाच्या सवयीची होतात, त्यांवर पुष्कळ काही ठरते, आणि त्यातले शेवटचे आठवडे आपल्या घरात जातात.

बहिणीने किल्ल्या हुंगणारे पिल्लू पसंत केले. पैसे देण्यापूर्वी पशुवैद्याकडून त्याचे नाक, डोळे आणि छाती तपासून घेतली, लसीकरणाचे कार्ड ताब्यात घेतले, आणि त्रास निघाल्यास पिल्लू परत घेण्याची अट विकणाऱ्याकडून लिहून घेतली. भाचा अजूनही नाडीवाल्याचेच नाव काढतो.