बिनइंजिनाची एलिस: रोव्हर, ऑडी, टोयोटा की होंडा?

लोटस एलिस सीरीज वनमध्ये (दोन सीटांची, हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) कुठलं इंजिन टाकायचं हा विषय इथे इंग्लंडमध्ये चार गाडीवेड्यांसमोर काढलात की चहा थंड होतो, आणि प्रत्येकजण सुरुवात करतो ती हॉर्सपॉवरच्या आकड्यापासून. माझं मत जरा वेगळं आहे. जेमतेम सव्वासातशे किलोच्या गाडीत पॉवरचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आधी बघायचं की ते इंजिन स्वतःबरोबर काय काय घेऊन येतंय, म्हणजे वजन किती, गिअरबॉक्स कुठला, वायरिंगचा व्याप किती आणि गरम पाणी कुठून कुठे फिरवायचं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे कॉव्हेंट्रीतल्या माझ्या मित्राने (मूळचा चिंचवडचा, इथे या भागात पुण्याकडचे ऑटोमोबाईलवाले कमी नाहीत) एक एलिस घेतली, तिच्यात इंजिनच नाही. आधीच्या मालकाने काढून विकून टाकलेलं. चॅसी छान आहे, ॲल्युमिनिअमचे एक्सट्रूजन (साच्यातून ढकलून काढलेले लांब तुकडे) गोंदाने चिकटवून केलेली ती प्रसिद्ध टब, नुसती चॅसी सत्तर किलोच्या आत, दोघांनी धरून उचलावी अशी. म्हणजे आम्हाला पाटी कोरी मिळाली. घरी सांगितलं तर बाबांचा साताऱ्याहून पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देईल रे?" म्हटलं बाबा, आधी चालू तर होऊ दे.

तर पहिला उमेदवार अर्थातच रोव्हर के सीरीज, जे तिच्यात कंपनीतूनच होतं. १.८ लिटर, ११८ हॉर्सपॉवर. लोक याला हेड गॅस्केटमुळे (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) शिव्या घालतात पण डिझाइन म्हणून हे इंजिन भारी आहे राव. हेडपासून पार खाली क्रँकच्या खालच्या रेलपर्यंत लांबलचक दहा बोल्ट जातात आणि अख्खं इंजिन सँडविचसारखं आवळून धरतात, त्यामुळे ब्लॉकला फारसा भार सोसावाच लागत नाही आणि इंजिन कमालीचं हलकं होतं. गोची अशी की आत कूलंट अगदी थोडं, आणि थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) इंजिनात पाणी शिरतं त्या बाजूला. त्यात एलिसमध्ये रेडिएटर पुढे नि इंजिन मागे, मधे लांब पाइप. थर्मोस्टॅट उघडला की पुढचं गार पाणी एकदम तापलेल्या इंजिनात घुसतं, थर्मोस्टॅट बंद होतो, परत उघडतो, असं हे झटके बसत राहतात. हेड आणि ब्लॉकमधले लोकेटिंग डॉवेल (दोघांना जागेवर धरणाऱ्या खुंट्या) सुरुवातीला प्लॅस्टिकचे होते, आणि लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) जरा जरी खाली बसले की गॅस्केटवरचा दाब गेलाच. पुढे उपाय निघाले, स्टीलचे डॉवेल, थरांचं स्टील गॅस्केट, जाड ऑइल रेल, प्रेशर रिलीफवाला थर्मोस्टॅट. हे सगळं नीट करून बसवलेलं के इंजिन चांगलं टिकतं. शिवाय १६५ न्यूटन मीटरचा टॉर्क तीन हजार आरपीएमलाच हाताशी येतो, गावातल्या अरुंद रस्त्यांवर तोच लागतो.

मग तेच का नाही टाकलं? कारण चांगलं इंजिन हातात यायला पाहिजे ना. एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडाली, आता जे के सीरीज भंगारात मिळतं ते कुठल्यातरी फ्रीलँडर किंवा रोव्हर ७५ मधून निघालेलं, त्याचा इतिहास कोणाला माहीत. म्हणजे घ्यायचं, पूर्ण उघडायचं, लायनरची उंची मोजायची, हेड प्लेन करायचं, सगळे उपाय करून परत भरायचं. ज्यांची गाडी मूळ इंजिनासकट आहे त्यांनी खुशाल तेच ठेवावं, मी असतो तर तेच ठेवलं असतं. आमच्याकडे मूळचं नव्हतंच, त्यामुळे इंजिन नंबर जुळवायचं भावनिक ओझंही नाही.

दुसरा, ऑडीचा १.८ टर्बो. आपल्याकडच्या जुन्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये होतं तेच खानदान. स्वस्त, गोल्फ, टीटी, लिऑन कशातूनही मिळतं, आणि थोडा मॅप (इंजिन कॉम्प्युटरची सेटिंग) बदलला की सव्वादोनशेच्या पुढे सहज. पण ब्लॉक लोखंडाचा! एलिसचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन आधीच मागच्या चाकांवर, त्यात अजून लोखंड मागे, वर इंटरकूलरला (टर्बोतली तापलेली हवा गार करणारा) हवा कुठून आणायची हा वेगळा ताप. मित्राला मोह झाला होता, मी दोन संध्याकाळी डोकं खाल्लं त्याचं. हलकी गाडी घ्यायची आणि तिच्या पाठीवर ऐरण बांधायची, काय अर्थ आहे.

तिसरा टोयोटाचा २झेडझेड, यामाहाच्या मदतीने बनवलेला. याची बाजू मजबूत आहे कारण खुद्द लोटसनेच २००४ पासून एलिस १११आर मध्ये हे वापरलं, साधारण १९० हॉर्सपॉवर, वजनालाही हलकं. पण मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडून खरी पॉवर देणारा) लागतो तो सहा हजार दोनशे आरपीएमच्या आसपास, तोपर्यंत निवांत. ट्रॅकवर लांब वळणात चिकट टायर लावून गेलात तर ऑइल पिकअप (तेल ओढणारी नळी) कोरडा पडायची भीती, म्हणून संपमध्ये (तळाची तेलाची टाकी) बॅफल म्हणजे आडव्या पट्ट्या घालायचे. आणि सिलिंडरच्या भिंती खास मेटल मॅट्रिक्सच्या (धातूत तंतू मिसळलेल्या), झिजल्या तर साधं बोअरिंग करून पुढच्या साइझचा पिस्टन टाकता येत नाही. एवढं सोडलं तर मला हे आवडतं.

शेवटी ठरलं ते होंडाचं के२०ए२. स्विंडनला बनलेल्या सिव्हिक टाइप आरचं, २००१ ते २००५ वाली ईपी३. बोअर आणि स्ट्रोक ८६ बाय ८६ मिलीमीटर, दोन लिटर, २०० पीएस, बेल्टऐवजी चेन. टॉर्क १९६ न्यूटन मीटर, आकड्यात फार नाही पण खालीसुद्धा बऱ्यापैकी असतो. पण खरं सांगायचं तर आम्ही घेतला तो गिअरबॉक्स. इंजिनाबरोबर सहा गिअरचा बॉक्स आयता येतो आणि गंमत म्हणजे सिव्हिकचा टायर २०५/४५ १७, आमच्या मागच्या चाकाचा २०५/५० १६, दोघांचा बाहेरचा व्यास हिशोब केला तर ६१६ आणि ६११ मिलीमीटर, म्हणजे होंडाने जे गिअर रेशो लावलेत ते जसेच्या तसे एलिसमध्ये बसतात, काही बदलायला नको. तोटा हा की मोटरवेवर ७० मैलाला सहाव्यातही इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास फिरत राहणार. एलिसमध्ये तसंही मोटरवेवर गप्पा मारता येत नाहीत, छत कापडी आहे.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. ईपी३ मध्ये थ्रॉटल केबलचं आहे, नंतरच्या टाइप आर मधलं इलेक्ट्रॉनिक. केबल म्हणजे पेडलपासून बटरफ्लायपर्यंत (हवेची झडप) तार ओढली की झालं, पेडल सेन्सरची भानगड वजा. म्हणून नवीन इंजिन जास्त चांगलं असं समजून पुढच्या पिढीचं घेऊ नका.

वजन रोव्हरपेक्षा जास्त आहेच, ते नाकारत नाही, मागच्या स्प्रिंगा बदलाव्या लागणार. खर्चाचं म्हणाल तर इंजिन हा त्यातला छोटा भाग, माउंटिंग ब्रॅकेट, खास ड्राइव्हशाफ्ट, गिअर केबल, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एक्झॉस्ट, पाण्याचे पाइप हे सगळं मिळून इंजिनाच्या कितीतरी पुढे जातं. ज्या बजेटमध्ये फक्त इंजिन बसतंय ते बजेट स्वॅपचं (इंजिन बदलण्याचं) नाहीच. कागदपत्रांत इंजिन नंबर आणि सीसी बदलल्याचं डीव्हीएलएला (इथलं आरटीओ) कळवायचं, विम्यावाल्यांना तर आधी कळवायचं, आणि एमओटीत (गाडीची दरवर्षीची तपासणी) धुराचे नियम गाडी नि इंजिन यातलं जे जुनं त्याच्या हिशोबाने लागतात, म्हणजे आमच्या बाबतीत गाडीच्या.

आता एकच वाद उरलाय. यूकेच्या ईपी३ ला लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एलएसडी, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) नव्हता, जपानी गाडीला होता. बॉक्स बाहेरच आहे, सिंक्रो (गिअर गुळगुळीत बदलणारी कडी) बघायला उघडणारच आहोत, मी म्हणतो त्याच वेळी एलएसडी टाकून घे, मित्र म्हणतो आधी त्याच पैशात मागचे डॅम्पर. ज्यांनी ओपन डिफवर (एलएसडीशिवाय) ओल्या रस्त्यावर के२० एलिस चालवलीये त्यांनी खाली लिहा, माझ्या बाजूने लिहिलंत तर अजून बरं.