कोल्डप्ले, अहमदाबाद: तिकीट परवडलं, बाकीचं नाही

हॉटेलच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'स्टेडियमपासून १० मिनिटं'. या एका ओळीवर विश्वास ठेवून आम्ही दोन रात्रींचे २३,००० रुपये आगाऊ भरले. आणि २६ जानेवारी २०२५ ला, अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियममधला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम सुटल्यावर, रात्री साडेदहानंतर मी, बायको, पंधरा वर्षांची लेक आणि माझ्या खांद्यावर मेल्यासारखा झोपलेला नऊ वर्षांचा मुलगा अशी आमची वरात मोटेराहून हॉटेलकडे, झुंडालच्या दिशेने चालली होती. तेव्हा लिखाण जरा कडू वाटलं तर गोड मानून घ्या. गाणी चांगली झाली. त्याबद्दल पुढे लिहिलंय, थोडक्यात.

निकाल आधीच सांगून टाकतो. अख्खं कुटुंब घेऊन जाऊ नका. ज्याला खरंच वेड आहे तो आणि सोबतीला एक मोठं माणूस, अशा दोघांनी जा. दहा वर्षांखालच्या मुलाला तर नेऊच नका, तो कितीही रडला तरी. आमचा रडला म्हणून नेला. साडेनऊला झोपला.

तिकिटांची भानगड तुम्हाला माहीतच असेल. नवी मुंबईचे तिन्ही दिवस (१८, १९ आणि २१ जानेवारी) आमच्या हातून गेले. सप्टेंबर २०२४ मधल्या तिकीटविक्रीच्या त्या रविवारी घरातले चार फोन आणि एक लॅपटॉप लावून आम्ही ऑनलाइन रांगेत बसलो होतो. आमच्या पुढे काही लाख माणसं आहेत असं दिसत होतं. लेक जेवली नाही त्या दिवशी. मग अहमदाबादची तारीख जाहीर झाली, मागोमाग २६ ची दुसरी, आणि चार तिकिटं मिळाली. प्रत्येकी साडेचार हजार, वरच्या मजल्यावरची. सगळ्यात स्वस्त अडीच हजारांची होती, ती डोळ्यांदेखत संपली. तेव्हा मला वाटलं होतं, अठरा हजार म्हणजे मोठा खर्च झाला. खर्च सुरूच झाला नव्हता.

खोलीचं घ्या. त्याच हॉटेलात पुढच्या आठवड्याचा भाव १,९०० होता, मी स्वतः पाहिला. आमच्याकडून रात्रीचे ११,५००. काउंटरवरच्या माणसाला विचारलं तर तो लाजलासुद्धा नाही, 'कोल्डप्ले छे ने, साहेब' म्हणाला. खोलीत एक डबलबेड, जादाची गादी मागितली तर ८०० रुपये वेगळे, आणि गिझर असा की पहिल्या दोघांनाच गरम पाणी. (गादी घेतली नाही. मुलगा आमच्या मध्ये आडवा झोपला, लेकीने खुर्च्या जोडल्या.) आता ते '१० मिनिटं': नकाशावर साडेपाच किलोमीटर निघाले. रिकाम्या रस्त्यावर, पहाटे तीनला, गाडीने गेलात तर १० मिनिटं लागत असतीलही. पण कार्यक्रम सुटल्यावर त्या रस्त्यावर गाडी नावाची गोष्टच हलत नसते.

माझ्या ऑफिसातला एक जण याच कार्यक्रमाला आला होता, तो उतरला होता पालडीला. स्टेडियमपासून आमच्या दुप्पट लांब. रात्रीचे ४,२०० रुपये. आणि तो आमच्या आधी तासभर अंथरुणात होता, कारण पालडी मेट्रोवर आहे. अहमदाबादची उत्तर-दक्षिण मेट्रो मोटेरा स्टेडियमपासून थेट उस्मानपुरा, जुनं हायकोर्ट, गांधीग्राम, पालडी अशी खाली जाते, आणि त्या दोन रात्री ती साडेबारापर्यंत चालू ठेवली होती. म्हणजे मी मोटेराच्या जवळचं म्हणून महागाचं हॉटेल घेतलं आणि त्या 'जवळ' पोचायला वाहनच नव्हतं. हे जर कोणी मला नोव्हेंबरात सांगितलं असतं तर माझे पंधरा हजार वाचले असते, शिवाय पाठ. मोठ्या कार्यक्रमाला स्टेडियमजवळ राहू नका, मेट्रोजवळ राहा. एवढं वाचून पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

त्याहून शहाणी माणसं खोलीच्या फंदात पडलीच नाहीत. पश्चिम रेल्वेने वांद्रे टर्मिनसहून खास गाड्या सोडल्या होत्या, कार्यक्रम संपल्यावर मध्यरात्रीनंतर परत निघणाऱ्या. आम्ही मात्र शुक्रवारी रात्रीच्या गुजरात मेलचं आरक्षण करून, वर खोलीचे पैसे भरून मोकळे झालो होतो. घाई नडली. गाडीत झोपून सकाळी मुंबई, सोमवारची शाळा फार तर पहिले दोन तास बुडाली असती.

शनिवार साबरमती आश्रम, अडालजची वाव (पायऱ्यांची जुनी विहीर) आणि रात्री माणेक चौकात गेला. छान गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी दुपारी साडेतीनला आत गेलो. पायऱ्या भरपूर आहेत, गुडघे धरत असतील त्यांनी खालच्या मजल्याचंच तिकीट घ्यावं, नाहीतर घरी बसावं. जानेवारीतही दुपारचं ऊन डोक्यावर येतं आणि सात वाजले की त्याच जागी स्वेटर लागतो, दोन्हीची तयारी ठेवा. स्वच्छतागृहात जायचं तर सुरुवातीचे कलाकार गात असतानाच जाऊन या, मुख्य बँड यायच्या आधीच्या अर्ध्या तासात सगळ्यांना एकदम आठवण होते. खाण्यापिण्याचे १,६४० गेले. दोन पॉपकॉर्न, पाणी, एक पिझ्झा म्हणून दिलेला पदार्थ. घरून डबा आत नेता येत नाही, त्यामुळे चारच्या आत पोटभर जेवून घ्या. सवाई गंधर्वला स्वेटर, थर्मास आणि शेंगदाण्याची पोळी घेऊन जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे फार लागतं. तिथे भारतीय बैठकीवर पाय पसरून तासन्‌तास गाणी ऐकलेली असतात, आणि शेजारचे आजोबा न मागता सुपारी देतात.

एक गोष्ट मात्र गुजरातच्या बाजूने मांडायला हवी. दारूबंदी. आजूबाजूला हजारो तरुण पोरं होती, पण एकही झिंगलेला नाही, कुणाचा धक्का नाही, कुणाच्या अंगावर बिअर सांडलेली नाही. लेकीला घेऊन जाताना याची किंमत कळते. मैदानात उभ्याने पाहायची तिकिटं मात्र लहान मुलांसाठी घेऊ नका. तिथे नऊ वर्षांच्या पोराला फक्त लोकांचे कमरेचे पट्टे दिसले असते.

कानांचं विसरू नका. नवी मुंबईच्या कार्यक्रमाआधी ठाण्याच्या जिल्हा बालसंरक्षण कक्षाने आयोजकांना मुलांच्या कानांच्या संरक्षणाबद्दल नोटीस दिली होती, ती बातमी वाचून आम्ही औषधांच्या दुकानातून फोमचे बोळे घेतले. अशा ठिकाणी आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं आहे. आमच्याकडे मोजायला यंत्र नव्हतं, पण ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला खुर्ची पाठीला टोचत होती. मुलाच्या कानात बोळे नसते तर मी त्याला घेऊन मधूनच बाहेर पडलो असतो. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर उपयोग नाही. लेकीने शोभेल असा रंग नाही म्हणून घातले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या कानात शिट्टी वाजत होती.

आता गाणी. साडेचार हजारांच्या जागेवरून गायक तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. सगळं पाहायचं ते मोठ्या पडद्यावरच. पण हातात घालायला जो दिव्याचा पट्टा देतात, त्याची गंमत वरूनच आहे. एका गाण्याला लाखभर मनगटं एकदम पिवळी झाली आणि समोरचा सगळा उतार मोहरीच्या शेतासारखा दिसला. मी, ज्याला यांचं एकही गाणं धड येत नाही, उभा राहिलो. बायको रडत होती, का ते तिलाही सांगता आलं नाही. लेक दोन तास आमच्याशी बोलली नाही, कारण ती आमच्या जगात नव्हतीच. प्रजासत्ताक दिन होता, बँडने 'वंदे मातरम्' म्हटलं. पडद्यावर जसप्रीत बुमराह दिसला तेव्हा जो आरडाओरडा झाला तो मुख्य गायकालाही मिळाला नसेल. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीसाठी साडेचार हजार वसूल. तिच्या आईसाठीही. माझ्यासाठी अर्धे. मुलासाठी शून्य, तो 'बुमराह, बुमराह' ओरडून दमला आणि मांडीवर कलंडला.

मनगटाचा पट्टा बाहेर पडताना परत द्यायचा असतो. चिरंजीवांनी मोज्यात लपवून आणला. घरी आल्यापासून तो मेलेला आहे, कारण त्याला बटणच नाही, स्टेडियममधून संदेश आला तरच तो पेटतो. मुलगा रोज हलवून बघतो.

आणि मग ते चालणं. दहाच्या सुमारास संपलं, फाटकाबाहेर यायलाच अर्धा तास. तोवर ठीक होतं, लोक गात होते. मेट्रोकडे जाणारी गर्दी डावीकडे वळली आणि आम्ही शहाणे उजवीकडे, 'जवळच्या' हॉटेलकडे. टॅक्सीच्या ॲपवर गाडी मिळायची, तीन मिनिटं गोल फिरायची आणि चालक ती रद्द करायचा. असं पाच वेळा. फोनला रेंज येत-जात होती. रस्त्याच्या कडेला पदपथ नाही, धूळ, मागून हॉर्न, आणि दुभाजकावर बसलेली आमच्यासारखीच कुटुंबं. पहिल्या रिक्षावाल्याने 'बारसो' सांगितले. मी मीटर म्हणालो, तो हसला. खरं म्हणजे तेव्हाच बसायला हवं होतं. मी तत्त्वाचा माणूस, पुढे चाललो. पाऊण तासाने दुसरी रिक्षा मिळाली, तिचे पंधराशे. तेव्हा घाटकोपरात वाढलेली बायको पुढे झाली, 'भाई, छोकरो ऊंघी गयो छे, जुओ तो खरा' (पोरगं झोपलंय, बघा तरी) म्हणाली. त्याने मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हजारावर आला. शेवटच्या दोन किलोमीटरचे एक हजार रुपये. रिक्षात बसल्यावर बायको मला एवढंच म्हणाली, 'बाराशेत तेव्हाच बसलो असतो तर पोराला एवढं अंतर वाहिलं नसतंस.' त्यावर मला आजही उत्तर नाही.

खोलीत पोचलो तेव्हा बाराला पाच कमी. वायफाय लागलं आणि डोंबिवलीच्या मेहुणीचे निरोप एकदम धडाधड पडले. तिने तोच कार्यक्रम घरी सोफ्यावर बसून पाहिला होता, कारण २६ चा दिवस हॉटस्टारवर थेट दाखवला. 'भाऊजी, बुमराह दिसला का तुम्हाला? आम्हाला अगदी समोर!' सोबत पावभाजीच्या ताटाचा फोटो.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी. तिकिटं शुल्क धरून १८,५००. खोली २३,०००. रेल्वे चौघांची जाऊन-येऊन ६,४००. रिक्षा सगळ्या मिळून १,९००. आतलं खाणं १,६४०. एकूण ५१,४४०. लेकीचा टी-शर्ट यात नाही, त्याची किंमत मला अजून कळू दिलेली नाही. मुख्य कार्यक्रम दोन तासांचा धरला तर मिनिटाला जवळजवळ ४२९ रुपये. यात निम्म्याहून थोडे कमी खोलीचे आहेत, त्या बिनगिझरच्या खोलीचे, हे लक्षात घ्या. मायलेकी दोघीच गेल्या असत्या, पालडीला एकच रात्र राहिल्या असत्या किंवा रात्रीच्या गाडीने परतल्या असत्या, तर सगळं मिळून वीस हजारांच्या आत बसलं असतं आणि मी हे लिहायला बसलो नसतो.

पुढचं कुठलंही मोठं नाव येईल तेव्हा आमच्या घरचा क्रम ठरलाय. तारीख कळली की तिकिटाच्याही आधी परतीची गाडी पाहायची. ती मध्यरात्रीनंतरची असेल तर खोली घ्यायचीच नाही. नसेल तर रद्द करता येणारी खोली, मेट्रोच्या रेषेवर, आणि अंतर हॉटेलला विचारायचं नाही, नकाशावर चालण्याचं मोजायचं. रिक्षावाला बाराशे म्हणाला तर आधी बसायचं, मग भांडायचं. आणि कार्यक्रम घरी दाखवणार आहेत का, ते मेहुणीला विचारायचं.

हॉटेलवाल्यांचा परवा निरोप आला, राहण्याचा अनुभव कसा वाटला, तारे द्या. मी एक तारा देऊन खाली लिहिलं, 'पाच किलोमीटर ५०० मीटर'. अजून त्यांनी ते '१० मिनिटं' काढलेलं नाही, आजच पाहिलं.